घुमटावरची ‘प्रगती’

‘मुंबई इंग्रजांनी बांधली आणि आमच्या लोकांनी बिघडवली,’ हे वाक्य मुंबईतील सुशिक्षित वर्गाच्या तोंडी इतके रुळले आहे की, त्याला काही पुरावा द्यावा लागतो असे कोणास वाटेनासे झाले आहे. हे वाक्य उच्चारणाऱ्याचे बोट हटकून बोरीबंदरच्या रेल्वे स्थानकाकडे वळते आणि त्या इमारतीचा वास्तुशिल्पी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याच्या नावाने उसासे टाकले जातात. असा एखादा स्टीव्हन्स आज असता तर मुंबईची ही दशा झाली नसती, असा त्या उसाशांचा अर्थ. २००४ मध्ये युनेस्कोने या स्थानकाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिल्यापासून तर या उसाशांना आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठाही लाभली आहे.

दुसऱ्या बाजूला, परकीय सत्तेच्या खुणा पुसल्या म्हणजे स्वातंत्र्याचे काम पुरे झाले असे मानणारा एक पक्ष आहे. तो पुतळे हलवतो, पाट्या बदलतो आणि निश्चिंत होतो. या दोन पक्षांचे भांडण दिसते तितके खोल नाही. दोघेही इमारतीच्या दर्शनी भागापाशी थांबतात. ती कोणत्या वर्षी, कोणाच्या पैशाने, कोणाच्या श्रमाने आणि शहराच्या कोणत्या गरजा बाजूला सारून उभी राहिली, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही. श्रमिकांच्या चळवळीत काम करणाऱ्याला मात्र तो टाळता येणार नाही. मुंबईतील घरांचा, जमिनीचा आणि रोज जीव मुठीत धरून लोकलने प्रवास करणाऱ्यांचा आजचा प्रश्न याच जुन्या प्रश्नाच्या पोटातून जन्मला आहे.

कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही

स्टीव्हन्सचे कर्तृत्व लहान करून दाखवण्याची काहीच आवश्यकता नाही. १८४७ मध्ये इंग्लंडातील बाथ या गावी त्याचा जन्म झाला. तेथील चार्ल्स डेव्हिस या वास्तुशिल्पीकडे उमेदवारी करून १८६७ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तो सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीसाठी हिंदुस्थानात आला. त्या वेळची मुंबई हे कोणाही होतकरू वास्तुशिल्पीला भुरळ घालील असे क्षेत्र होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्यांकडे सोन्याचा पूर लोटला. याच काळात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याने कोटाच्या भिंती पाडण्याचे काम हाती घेतले. तटबंदी आणि खंदक जाऊन शहराच्या ऐन मध्यावर विस्तीर्ण जमीन मोकळी झाली. १८६५ मध्ये कापसाचा बाजार कोसळला, पण जमीन राहिली आणि तिच्यावरील योजनाही राहिल्या. सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय, सार्वजनिक बांधकाम खात्याची कचेरी अशी भव्य इमारतींची रांग पुढील दशकभरात मैदानाच्या कडेने उभी राहिली.

या रांगेच्या उत्तरार्धात स्टीव्हन्स येतो. त्याची पहिली मोठी इमारत म्हणजे अपोलो बंदराजवळील रॉयल आल्फ्रेड खलाशीगृह. १८७६ मध्ये ते पूर्ण झाले. पुढे तेथे विधिमंडळ भरले आणि नंतर पोलीस महासंचालकांचे कार्यालय आले. १८७८ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीने आपल्या स्थानकाचे आणि मुख्य कचेरीचे काम त्याच्यावर सोपविले. दहा वर्षे ते काम चालले आणि सुमारे सोळा लाख रुपये त्यावर खर्च झाले. १८८४ मध्ये त्याने सरकारी नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय मांडला. महानगरपालिकेची इमारत १८९३ मध्ये आणि चर्चगेट येथील बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची मुख्य कचेरी १८९९ मध्ये पूर्ण झाली. मार्च १९०० मध्ये मलेरियाने मुंबईतच त्याचा अंत झाला आणि शिवडीच्या दफनभूमीत त्याला मूठमाती मिळाली.

व्हेनिसची कमान, गॉथिक शिखर आणि हिंदुस्थानी घुमट यांचा मेळ त्याने ज्या कौशल्याने घातला त्याला तोड नाही. त्याच्या स्थानकाच्या भिंतींवरील मोर, माकडे, पाने आणि फुले मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या हातची आहेत. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली त्यांनी ती घडविली. सीताराम खंडेराव वैद्य आणि एम. एम. जनार्दन हे या बांधकामावरील त्याचे हिंदी सहकारी. तेव्हा स्टीव्हन्सच्या प्रतिभेवर येथे खटला चालवायचा नाही. ज्या व्यवस्थेने त्या प्रतिभेला कामाला जुंपले, त्या व्यवस्थेने शहराच्या गरजांचा जो अनुक्रम ठरविला, त्याचा हिशेब मात्र मागितलाच पाहिजे.

दुष्काळानंतरचा मुहूर्त

स्थानकाचे काम सुरू झाले ते १८७८ हे वर्ष जरा थांबून पाहण्यासारखे आहे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर जो दुष्काळ कोसळला, त्याचा फटका सोलापूर, विजापूर, अहमदनगर, सातारा, पुणे या जिल्ह्यांना बसला. मुंबई, मद्रास आणि म्हैसूर मिळून या दुष्काळात मेलेल्यांची संख्या पन्नास लाखांच्या वर जाते. हिंदुस्थानातून धान्याची निर्यात सरकारने थांबविली नाही, कारण व्यापारात ढवळाढवळ करणे त्याच्या अर्थशास्त्राला मंजूर नव्हते. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्याच्या मजुरीत ढवळाढवळ करणे मात्र त्याच अर्थशास्त्राला मंजूर होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने खास नेमलेल्या सर रिचर्ड टेंपलने पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा, एवढीच मजुरी ठरविली. १८७७ च्या आरंभी दख्खनमधील हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली. उपाशी माणसांनी केलेला हा संपच होता आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. हाच टेंपल १८७७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. बोरीबंदरच्या स्थानकाचा आरंभ झाला तो त्याच्या अमदानीत.

दुष्काळाचा पैसा स्थानकात घातला, असा याचा अर्थ कोणी काढू नये. तसे म्हणणे खोटे ठरेल आणि खोट्या आरोपांची येथे गरजही नाही. खरे आहे ते पुरेसे दाहक आहे. तिजोरीत पैसा नाही म्हणून खडी फोडणाऱ्याचा घास तोलून देणारी राज्यव्यवस्था एका रेल्वे कंपनीच्या भागधारकांना मात्र कधीच हात आखडून देत नव्हती.

हमी भागधारकांना, जोखीम रयतेला

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेशी १८४९ मध्ये झालेल्या कराराचे स्वरूप ध्यानात घेतले म्हणजे हे उघड होते. कंपनीला जमीन फुकट मिळाली आणि गुंतविलेल्या भांडवलावर दरसाल पाच टक्के व्याजाची सरकारी हमी मिळाली. नफा कमी पडला तर तूट भरून द्यायची ती हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे मुख्यत्वे जमिनीचा सारा भरणाऱ्या शेतकऱ्याकडून. इंग्लंडमध्ये बसलेल्या भागधारकाला तोटा होणे अशक्य होते. अशी हमी मिळालेल्या कंपनीला काटकसरीची काय गरज? खर्च वाढला तरी पाच टक्के ठरलेलेच. खासगी उद्योजकाच्या साहसाचे पोवाडे गाणाऱ्यांनी हा करार एकदा अवश्य वाचावा. या उद्योगात साहस होते ते रयतेचे, कारण जोखीम तिच्याच माथी मारली होती. आणि तिला त्याबद्दल कोणी विचारले नव्हते.

श्रमाचा हिशेब आणखी निराळा. मुंबईहून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग बोरघाटातून न्यायला १८५६ ते १८६३ अशी वर्षे लागली. हजारो मजूर पटकीने, तापाने आणि सुरुंगाच्या अपघातांनी तेथे मेले. १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून घाटातील मजुरांनी दंगा केला. मुंबई शहरातील बांधकामावर राबणाऱ्यांत तेलंगणातून आलेले कामाठी मोठ्या संख्येने होते. कामाठीपुरा हे नाव त्यांच्यावरूनच पडले. जे हात शहर बांधत होते त्यांच्या वस्तीच्या नावाची शहराने पुढे जी गत केली, ती सर्वांना ठाऊक आहे. कुर्ल्याचा, मालाडचा, पोरबंदरचा दगड या काळातील मुंबईच्या इमारतींना लागला, याच्या नोंदी काळजीपूर्वक ठेवलेल्या आहेत. दगड कोणत्या खाणीतला हे ग्रंथांतून सापडते, परंतु तो फोडणारा कोणत्या गावचा हे सापडत नाही.

स्थानकाच्या दर्शनी भागावर कंपनीच्या दहा संचालकांची अर्धशिल्पे आहेत. त्यांत जमशेटजी जीजीभाई आणि जगन्नाथ शंकरशेट हे दोन हिंदी गृहस्थ आहेत. प्रवेशद्वाराच्या खांबांवर इंग्लंडचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ बसविले आहेत. सर्वांत वर, मुख्य घुमटावर, हातात मशाल आणि चाक घेतलेली ‘प्रगती’ नावाची स्त्रीमूर्ती उभी आहे. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी या वास्तूला तिचे नाव देण्यात आले. साम्राज्याने स्वतःविषयीची आपली संपूर्ण समजूत या एका इमारतीत दगडात कोरून ठेवली. प्रगती वर, सत्ता दारात, भांडवल भिंतीवर. रेल्वेच्या उतारूंपैकी प्रचंड बहुसंख्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत कोंबलेल्यांची होती. त्यांचे हाल गांधीजींना १९१७ मध्येही देशापुढे मांडावे लागले. त्या उतारूंना या रचनेत कोणते स्थान होते, हे सांगण्याची गरज नाही.

एका पिढीचे दोघे

स्टीव्हन्सपेक्षा एकाच वर्षाने लहान असा एक माणूस त्याच वर्षांत त्याच शहरात काम करीत होता. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ चा. सत्यशोधक समाजाच्या मुशीतून घडलेले लोखंडे १८८० पासून मुंबईहून ‘दीनबंधु’ चालवीत होते. १८८४ हे वर्ष या दोघांच्याही आयुष्यातील वळणाचे ठरले. स्टीव्हन्स सरकारी नोकरीतून मोकळा झाला. महानगरपालिकेच्या इमारतीचा पायाचा दगड डिसेंबरमध्ये लॉर्ड रिपनने बसविला आणि ती इमारत पुढे स्टीव्हन्सनेच उभारली. त्याआधी तीन महिने, सप्टेंबरमध्ये, लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्यांचा मसुदा तयार केला होता. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, कामाचे तास सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत आणि अपघातात जायबंदी झालेल्यास काही भरपाई. मागण्या इतक्याच. त्यांपैकी रविवारच्या सुट्टीची मागणी पदरात पडायला १८९० साल उजाडावे लागले.

स्टीव्हन्सच्या पालिका इमारतीच्या माथ्यावर पंख पसरलेली एक मूर्ती आहे. ‘उर्ब्स प्रायमा इन इंडिस’, म्हणजे हिंदुस्थानातील पहिले नगर, या लॅटिन बिरुदाचे ती प्रतीक. या पहिल्या नगराच्या कारभारात मत कोणाला होते? कर भरणाऱ्यांना. पहाटेच्या भोंग्याला गिरणीत शिरून अंधार पडल्यावर बाहेर येणाऱ्याला नगरसेवक निवडण्याचा अधिकार नव्हता. फिरोजशहा मेहतांसारख्यांनी त्या सभागृहात नोकरशाहीशी दिलेली झुंज मोलाचीच आहे, परंतु ती घरमालकांच्या आणि करदात्यांच्या सभागृहातील झुंज होती. प्रौढ मताधिकारावर मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ मध्ये. इमारत पुरी झाल्यानंतर तिचे मालक आत येण्यास पंचावन्न वर्षे लागली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतून मृत्यूने जे थैमान घातले, त्याने लाखो लोक मुंबई सोडून पळाले. चर्चगेटला स्टीव्हन्सची रेल्वे कचेरी त्या काळात उभी राहत होती. लोखंडे प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगनेच गेले. तीन वर्षांनी स्टीव्हन्स तापाने गेला. रोगाने वर्ग पाहिला नाही. शहराने मात्र पाहिला, आणि एकाच्या स्मृतीसाठी जितके लिहिले त्याच्या शतांशही दुसऱ्यासाठी लिहिले नाही. मुंबई घडविणाऱ्यांच्या यादीत ज्याने शहराच्या कमानी काढल्या तो येतो. ज्याने शहराच्या श्रमिकाला आठवड्याचा एक दिवस मिळवून दिला तो येत नाही.

‘त्या काळी तसेच होते’

या विवेचनावर एक ठरलेला आक्षेप घेतला जातो. एकोणिसाव्या शतकाला विसाव्या किंवा एकविसाव्या शतकाची फूटपट्टी लावू नये, श्रमिकांची घरे हा सरकारचा प्रश्न आहे अशी कल्पनाच तेव्हा नव्हती, असा तो आक्षेप. तो वस्तुस्थितीला धरून नाही. लंडनमध्ये पीबॉडी निधीने श्रमिकांसाठी बांधलेली पहिली घरे १८६४ मध्येच वापरात आली होती. १८७५ मध्ये, म्हणजे बोरीबंदरचे काम सुरू होण्याच्या तीन वर्षे आधी, ब्रिटिश पार्लमेंटने कामगारांच्या गलिच्छ वस्त्या ताब्यात घेऊन त्यांची पुनर्रचना करण्याचा अधिकार नगरपालिकांना कायद्याने दिला होता. कल्पना होती, कायदा होता, नमुने होते. ते समुद्र ओलांडून मुंबईत आले नाहीत. गॉथिक कमानी मात्र विनासायास आल्या.

फार दूर जाण्याचेही कारण नाही. स्टीव्हन्सची पहिली मोठी इमारत कोणासाठी होती? युरोपीय खलाशांसाठी. बंदरात उतरलेला गोरा खलाशी वाईट वस्तीत भटकू नये, त्याला हवेशीर खोली, स्वच्छ बिछाना आणि चांगले जेवण मिळावे म्हणून सरकारने पुढाकार घेतला आणि बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांची देणगी त्याला मिळाली. श्रमिकाच्या निवाऱ्याची जबाबदारी घेणे राज्यकर्त्यांना समजत होते. त्या श्रमिकाचा रंग गोरा असावा लागे, एवढेच. त्याच बांधकाम खात्यातील मंचेरजी मर्झबान या पारशी अभियंत्याने आपल्या समाजातील गरिबांसाठी स्वस्त भाड्याच्या घरांचे काम हाती घेतले, म्हणजे तंत्रज्ञानही होते आणि माणसेही होती. मात्र जे काम राज्याने करायचे ते एका समाजाच्या दानधर्मावर सोपविले गेले. परळ-लालबागच्या गिरणी कामगाराच्या मागे असा दानशूर समाज नव्हता. त्याच्या वाट्याला खासगी मालकाची चाळ आली. १९११ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईतील बहुसंख्य लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते.

प्लेगच्या दणक्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले आणि त्यासाठी जुन्या वस्त्या पाडल्या. ज्यांची घरे गेली ते शेजारच्या वस्तीत अधिक दाटीने राहू लागले. पुढे १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइडने विकास खाते काढले. पन्नास हजार खोल्यांची घोषणा झाली आणि सुमारे सोळा हजार बांधून झाल्या. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथील २०७ बीडीडी चाळी त्या याच. एकेक खोली आणि मजल्याच्या टोकाला सामायिक संडास.

याच दशकात, त्याच युद्धाने दिवाळखोर झालेल्या व्हिएन्ना शहरात काय घडत होते? तेथील समाजवादी नगरपालिकेने १९२३ मध्ये घरबांधणी कर बसविला. मोठ्या घरांवर तो चढत्या दराने पडे. चैनीच्या वस्तूंवरील कराची त्यात भर घातली आणि १९३४ मध्ये फॅसिस्टांनी तोफा डागून ती नगरपालिका मोडीपर्यंत श्रमिकांसाठी साठ हजारांहून अधिक घरे बांधली. घरात पाणी, घरात शौचकूप, आवारात धुलाईघर, बालवाडी आणि वाचनालय. १९३० मध्ये पूर्ण झालेल्या कार्ल मार्क्स होफ या वसाहतीचा वास्तुशिल्पी कार्ल एन हा ओट्टो वाग्नरचा शिष्य. ज्या वाग्नरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नाची शहर रेल्वेची स्थानके सजविली, त्याच्याच शाळेतील हाताने श्रमिकांसाठी घरे उभारली. वास्तुकला कोणाची बटीक नाही. तिला कामाला लावणारी सत्ता बदलली की तीच कला स्थानकाच्या घुमटाऐवजी कामगाराच्या खिडकीकडे वळते.

पाटी बदलली, अनुक्रम तोच

१९९६ मध्ये बोरीबंदरच्या स्थानकाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव दिले गेले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला. हे नाव या भूमीत कोणालाही प्रियच वाटेल. परंतु रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये असा दंडक घालणाऱ्या राजाचे नाव ज्या स्थानकाने धारण केले, तेथे येणाऱ्या रयतेचे काय? १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी या स्थानकाला लागून असलेला पादचारी पूल कोसळला. मृतांत जवळच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात कामावर निघालेल्या तीन परिचारिका होत्या. त्या पुलाची तपासणी होऊन किरकोळ दुरुस्ती पुरेशी असल्याचे कागदावर नोंदलेले होते. एका बाजूस रोषणाईने न्हालेले स्टीव्हन्सचे स्थानक, दुसऱ्या बाजूस स्टीव्हन्सचीच पालिका, आणि त्यांच्या हाकेच्या अंतरावर पायी चालणाऱ्याला धड उभा असलेला पूल नाही! त्याआधी दीड वर्षापूर्वी, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर २३ माणसे चेंगरून मेली. मुंबईच्या लोहमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. वारसा म्हणून जे जपले जाते ते दर्शनी आहे, आणि जे मरते ते दर्शनी नाही.

जमिनीच्या बाबतीतही इतिहासाने स्वतःची नक्कल केली. मुंबईच्या मध्यावर मोठी जमीन सार्वजनिक निर्णयाने मोकळी होण्याचे प्रसंग फार थोडे आले. पहिला १८६० च्या दशकात, कोटाच्या भिंती पडल्या तेव्हा. त्या जमिनीवर कचेऱ्या आल्या आणि उरलेले भूखंड विकले गेले. दुसरा प्रसंग १९८२ च्या गिरणी संपानंतर आला. सुमारे सहाशे एकर गिरण्यांच्या जमिनीचा प्रश्न होता. १९९१ च्या नियमाने तिचे तीन वाटे ठरविले: एक मोकळ्या जागेसाठी, एक गृहनिर्माण मंडळाला, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती करून हे वाटे केवळ मोकळ्या पडलेल्या तुकड्यांपुरते मर्यादित केले गेले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. ज्या जमिनीवर कामगारांची घरे, मैदाने आणि दवाखाने होऊ शकले असते, तेथे काचेचे मनोरे आणि विक्रीची दालने उभी राहिली. इंग्रजांनी निदान कमानी तरी सुंदर काढल्या होत्या. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतील सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. ‘हिंदुस्थानातील पहिले नगर’ या बिरुदाची ही दुसरी बाजू.

आणि ज्या सभागृहात मालकांना शिरायला १९४८ पर्यंत थांबावे लागले, त्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही. देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेचा कारभार प्रशासकाने चालविला. करदात्यांच्या मर्यादित मतदानावर टीका करणाऱ्या स्वातंत्र्योत्तर राज्यकर्त्यांनी मर्यादित मतदान तर राहोच, मतदानच स्थगित करून दाखविले.

हिशेब पुरा करायचा तर

तेव्हा स्टीव्हन्सच्या इमारती पाडाव्यात काय? मुळीच नाही. त्या जपल्याच पाहिजेत, कारण त्या रयतेच्या पैशाने आणि श्रमिकांच्या हातांनी उभ्या राहिल्या आहेत. ती मालमत्ता साम्राज्याची नाही, कंपनीची नाही आणि त्यांच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांची तर नाहीच नाही. ज्या कंपनीने हा राजवाडा बांधला, तिच्याच तारयंत्र कर्मचाऱ्यांनी १८९९ मध्ये संप केला आणि ‘केसरी’ने त्याला पाठिंबा दिला. मे १९७४ मध्ये देशभरचे रेल्वे कामगार वीस दिवस संपावर राहिले, तेव्हा याच इमारतीतून मध्य रेल्वेचा कारभार चालत होता. या वास्तूचा खरा वारसा सांगायचा तर तो तिच्या कळसांइतकाच या संपांचाही आहे. वारशाच्या फलकांवर वास्तुशिल्पीचे नाव असावे, आणि त्यासोबत कामाठी मजुरांचा, बोरघाटातील मृतांचा, कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा आणि पाच टक्क्यांच्या हमीचाही उल्लेख असावा.

परंतु फलकांवर हा प्रश्न संपत नाही. मुंबईत कार्यकर्त्यांनी ज्या मागण्यांसाठी लोकांना संघटित करायला हवे, त्या या इतिहासातून सरळ निघतात. सार्वजनिक जमीन विकायची नाही. बंदराची, रेल्वेची, गिरण्यांची जी काही उरली आहे तिच्यावर पहिला हक्क भाड्याच्या स्वस्त घरांचा. स्थानकांच्या पुनर्विकासाच्या नावाखाली वरच्या मजल्यांवर दुकाने काढण्यापूर्वी खालच्या फलाटावरचा जिना रुंद झाला पाहिजे. जुन्या चाळींच्या पुनर्विकासात भाडेकरूला घर मिळते की बांधकाम व्यावसायिकाला मजले, हे मोजले गेले पाहिजे. महापालिकेची निवडणूक राज्य सरकारच्या सोयीवर अवलंबून राहता कामा नये. या मागण्या नव्या नाहीत. लोखंडे यांच्या मागण्याही त्या काळी गिरणीमालकांना अवास्तवच वाटल्या होत्या.

मुंबई कोणी बांधली, या प्रश्नाचे उत्तर घुमटाकडे पाहून मिळत नाही. घुमटावरची ‘प्रगती’ मशाल धरून उभी आहे, परंतु तिच्या मशालीचा उजेड खालच्या पुलावर पडत नाही. त्या पुलावरून रोज सकाळी कामाला जाणारा माणूस घरी सुखरूप परतेल आणि त्याला परतायला त्याचे हक्काचे घर असेल, तेव्हा त्या मूर्तीला तिचे नाव शोभेल. तोपर्यंत ते नाव उधारीचे आहे, आणि ती उधारी वसूल करण्याचे काम चळवळीचे आहे.